पन्नाशीनंतरची सेवा



बेहाआलोतेखा या पाराशात (गणना, अध्याय 8) लेवींविषयी आज्ञा आहे. लेवीने 25व्या वर्षी सेवेला लागावे आणि 50व्या वर्षी कष्टाच्या कामातून मोकळे व्हावे. पण आज्ञा तेथे संपत नाही. त्यानंतरही त्याने दर्शनमंडपात आपल्या भावांबरोबर पहारा ठेवायचा आहे. खांद्यावरचे ओझे उतरले, जागा गेली नाही.

आम्ही राहतो त्या आयर्लंडमध्ये 1998च्या रोजगार समानता कायद्याने नोकरीत वयावरून भेदभाव करण्यास मनाई आहे. तरीही 25-30 वर्षे मोठी जबाबदारी सांभाळलेल्या माणसाला, “आपला अनुभव या जागेच्या मानाने फार आहे,” असे गोड उत्तर येते. अर्जामागून अर्ज जातात. मग तो शब्बाथला तेफिल्याला येण्याचे टाळतो. “सध्या कोठे असता?” हा प्रश्न त्याला नको असतो. आणि आम्हीही, विचारणे बरे दिसत नाही म्हणून, गप्प बसलो. ही आमची चूक झाली.

रामबामने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची पायरी कोणती? माणसाला भागीदारी किंवा काम देऊन असे उभे करावे, की त्याला कोणापुढे हात पसरावा लागू नये. जागा रिकामी असल्याचे कळताच त्याला फोन करणे, त्याच्यासाठी शब्द टाकणे, हीदेखील सेदाकाच.

आणि काम शोधणाऱ्या बंधूंनो, मोशे रब्बेनू 80व्या वर्षी फारोपुढे उभे राहिले, पण एकटे नव्हे. 83 वर्षांचे अहरोन त्यांच्याबरोबर होते. तुम्हीही भावांना सांगा. त्यात लाज नाही.

परमेश्वर आपल्या हातांच्या कामाला यश देवो. आमेन.