चौसष्टचे पासष्ट

नाणं अमेरिकेचं, वीस डॉलरचं, सोन्याचं. शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्सच्या आराखड्यावरून पाडलेलं. साल १९०९, पण ९ च्या पोटात आदल्या वर्षाचा ८ स्पष्ट दिसतो, कारण एकाच ठशावर दोन्ही सालं उमटली होती. वजन ३३.४ ग्रॅम, दहा भागांत नऊ भाग सोनं, एक भाग तांबं. न्यू जर्सीत राहणाऱ्या मामाचं हे सर्वांत लाडकं नाणं. ते प्लास्टिकच्या सीलबंद स्लॅबमध्ये आहे आणि लेबलवर ग्रेड आहे एमएस ६४. मामाच्या मते ते ६५ चं आहे. या सालाच्या नाण्यात त्या एका आकड्यानं किंमत काही पटींनी वाढते. म्हणून स्लॅब फोडून ते पुन्हा ग्रेडिंगला पाठवावं, असं त्याच्या मनात आहे.

"नीट बघ," त्यानं भिंग माझ्या हातात दिलं. लिबर्टीच्या गुडघ्यावर एक बारीक खोक होती आणि छातीवर दोन पुसट ओरखडे. पोत्यांत भरलेली नाणी एकमेकांवर आपटून पडलेल्या या खुणा. बाकीचा पृष्ठभाग मात्र असा तजेलदार की भिंग फिरवताना उजेड चक्रासारखा नाण्यावरून फिरत होता.

"सुंदर आहे," मी म्हटलं. "पण ६४ चं सुंदर की ६५ चं, हे मी कसं सांगू?"

"तेच तर! त्यांनी तरी कसं सांगितलं? दोघातिघांनी काही सेकंद पाहिलं आणि आकडा ठरवला. मी बारा महिने पाहतोय."

"तू मालक आहेस, मामा. तुझ्या पाहण्यात आशा मिसळलेली आहे."

"मान्य. पण माणूस चुकतो हेही मान्य कर. परीक्षेत मार्क कमी वाटले तर आपण पेपर पुनर्मूल्यांकनाला टाकतोच ना? तो हक्क आहे."

"हो, पण तिथे पेपर एकदा जातो. मार्क वाढेपर्यंत पुनःपुन्हा जात नाही."

यावर तो गप्प झाला. मला वाटतं, सगळी गोची इथेच आहे. ग्रेडची ही ७० गुणांची पट्टी विल्यम शेल्डननं १९४९ मध्ये तांब्याच्या जुन्या सेंट नाण्यांसाठी बनवली. पीसीजीएस ही ग्रेडिंग कंपनी १९८६ मध्ये आणि एनजीसी ही दुसरी १९८७ मध्ये सुरू झाली, तशी ही पट्टी सीलबंद डब्यांवर आली आणि बाजार तिच्यावर चालू लागला. न वापरलेल्या नाण्यांसाठी ६० ते ७० या अकरा पायऱ्या. काही नाणी पायरीवर नीट बसतात, काही दोन पायऱ्यांच्या मधे असतात. मधल्या नाण्याला एक दिवस ६४ मिळते, दुसऱ्या दिवशी ६५.

"समज, दर खेपेला ६५ मिळण्याची शक्यता चारात एक," मी म्हटलं. "चार वेळा पाठवलंस तर निदान एकदा ६५ मिळण्याची शक्यता तीनात दोन होते. नाणं मात्र तेच. मग ते ६५ नाण्याचं की तुझ्या चिकाटीचं?"

"आणि पहिलं ६४ कुणाचं? तोही एका दिवसाचाच निकाल होता. पहिला आला म्हणून तो खरा कसा?"

हा मुद्दा बिनतोड होता. पहिल्या निकालाला पहिलेपणाखेरीज कसलाच अधिकार नाही. मी म्हटलं, "मग दोन्ही धर. जितके निकाल आले तितके सगळे धर. तू फक्त आवडलेला ठेवतोस, हे मला खटकतं. आणि जुनं लेबल कंपनीला परत केलं नाहीस तर त्यांच्या गणतीत हे एक नाणं दोनदा मोजलं जातं. दुर्मीळ नाणं किती दुर्मीळ, याचा हिशेबच बिघडतो."

"लेबल परत करीन. त्यात काय!"

"आणि स्लॅब फोडणार कसा?"

"पक्कड लावून, हळूच."

सोनं मऊ असतं. पक्कड घसरली, नाणं टेबलावर कडेवर पडलं, की काठाला चेप. बोट लागलं तर तांब्यामुळे ठसा कालांतराने डागासारखा वर येतो, आणि पुसायला गेलं की केसासारख्या बारीक रेषा पडतात. परीक्षकाला तिरप्या उजेडात त्या दिसल्या, तर लेबलवर आकडा येतच नाही. "क्लीन्ड, डिटेल्स" असं येतं. मग ६४ पण गेलं. यापेक्षाही मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. नाणं स्लॅबमध्ये आहे तोवर ग्रेड चुकीची ठरली तर भरपाईची हमी कंपनीची. स्लॅब फोडल्याक्षणी ती हमी संपते आणि जोखीम मालकाच्या खिशात येते.

"म्हणून तर स्लॅब न फोडता फेरविचाराला पाठवायची सोय आहे," मामा म्हणाला. "ग्रेड वाढली तरच डबी उघडतात. पण परीक्षकाला जुना आकडा समोर दिसतो. ६४ वाचलं की ६४ च दिसतं! लोक उगाच फोडत नाहीत."

"आणि हा हिरवा स्टिकर?"

स्लॅबच्या कोपऱ्यावर सीएसीचा हिरवा स्टिकर होता. २००७ पासून ही तिसरीच संस्था आधी ग्रेड झालेली नाणी पुन्हा पाहते. हिरवा म्हणजे दिलेली ग्रेड पक्की. सोनेरी म्हणजे दिलेल्यापेक्षा नाणं वरचं. मामाचा हिरवा आहे, सोनेरी नाही. फोडला की तोही गेला, आणि नव्या ६५ वर तो पुन्हा मिळेलच असं नाही. जाणकार गिऱ्हाइकाला स्टिकर नसलेलं ६५ लगेच खुपतं.

"म्हणजे ते मला पक्क्या ६४ मध्ये बसवतात," मामा जरा दुखावून बोलला.

"तुला नाही, नाण्याला. बरं, धरून चल की ६५ मिळाली. विकताना घेणाऱ्याला सांगशील, आधी ६४ होती म्हणून?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "कुणीच सांगत नाही."

"मी तुला विचारतेय."

"सांगितलं तर तो ६५ ची किंमत देईल का?"

"कदाचित नाही देणार."

"मग पाठवायचं कशाला?"

मी उत्तर दिलं नाही. मला वाटतं, आपल्या नाण्यावर अन्याय झाला असं खरंच वाटणाऱ्यानं ते एकदा, डबीसकट पाठवावं आणि जो आकडा येईल तो जुन्या आकड्यासह सांगावा. मामाला हे भाबडं वाटतं. एकदाच का, दोनदा का नाही, असं त्यानं विचारलं. "दोनदा"वर माझ्याकडे उत्तर नव्हतं. लपवण्यावर होतं, आणि ते त्याला पटलेलं नाही. अर्ज भरून टेबलावर आहे. फेरविचाराच्या रकान्यात खूण केलेली आहे, सही अजून नाही.