अंगणातील ऋण

दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये आश्विन येतो तो पारिजातकाचा सडा घेऊन. श्रावणात लावलेल्या झेंडूचे तोरण दसऱ्याला दारावर चढते. ते आपल्या श्रमाचे म्हणून निःसंकोच मिरवावे. परंतु लोणच्यासाठी तोडलेली लिंबे? ते झाड माझ्याआधी येथे राहून गेलेल्या कोणा गृहस्थाने लावले. कलमाला फळ धरावयास तीन-चार वर्षे लागतात. तोवर त्याची बदलीही झाली असेल. हे ऋण फेडावे कोणाला?

यंदा माझ्याही बदलीचा हुकूम आला. "आता कशाला खड्डा खणता?" पत्नीने विचारले. फळाची आशा सोडणे म्हणजे झाडच न लावणे नव्हे. मी पेरूचे रोप लावले. त्याची फळे खाणाऱ्याचे नाव मला ठाऊक नाही. पण माझ्या धनकोचे तरी कोठे ठाऊक होते?