तीन, चार, पाच

खो-खोचा डाव संपला आणि भांडण जुंपलं. साक्षी म्हणत होती, "मी खो दिला, हीच उठली नाही." गौरीचं म्हणणं, "हात लावलाच नाहीस, नुसती ओरडलीस." बसलेल्या गड्याला मागून हात लागायला हवा आणि तोंडाने 'खो'ही म्हणायला हवं, हा नियम दोघींना पाठ. पण हात लागला की नाही, हे त्या दोघींखेरीज कोण सांगणार? वेण्या ओढल्या गेल्या, ओरखडे निघाले आणि केंद्रस्तरीय स्पर्धेच्या सरावासाठी सकाळीच फक्की मारून आखलेलं मैदान पायांखाली पुसून गेलं. सातवीत दोन तट पडले.

मुलांना मारायचं नाही, त्यांचा मानसिक छळही करायचा नाही, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम सांगतं. पण छडी टाकली म्हणजे शिस्त लागली असं होत नाही. मग पुष्कळ ठिकाणी भांडणाऱ्यांना समोरासमोर उभं करून 'सॉरी' म्हणायला लावतात. मला ते कधीच पटलेलं नाही. कोणता शब्द उच्चारला की सुटका होते, एवढंच मूल त्यातून शिकतं.

जिल्हा परिषदेच्या त्या शाळेतल्या बाईंनी आधी ओरखड्यांना औषध लावलं. सुरुवात कोणी केली, हे विचारलंच नाही. "मैदान तुमच्या भांडणात पुसलं. आता तुम्ही दोघींनीच आखा. तोवर खेळ बंद." आवाज शांत होता, पण त्यात सूट नव्हती.

मैदानाचा पहिला कोपरा काटकोनात बसला नाही, तर पुढचं सगळं तिरकं जातं. बाईंनी बारा मीटरची दोरी दिली. तिला तीन आणि सात मीटरवर गाठी होत्या. तीनवरची गाठ कोपऱ्यातल्या खुंटीला अडकवायची. एकीने दोन्ही टोकं एकत्र धरायची, दुसरीने सातवरची गाठ. तीन, चार आणि पाच मीटरच्या बाजू ताठ झाल्या की खुंटीपाशी काटकोन होतो. एकीचा हात सैल पडला तरी कोन बिघडतो.

दोघींनी तोंडं फिरवूनच दोरी धरली. रेघ तिरकी गेली.

"तुझी ढिली होती."

"तुझीच!"

कट्ट्यावर वह्या तपासणाऱ्या बाईंनी मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा वहीत घातली. फक्की पुसून परत सुरुवात करावी लागली. या खेपेला गौरीने साक्षीकडे बघितलं. "जरा डावीकडे सरक. हां. आता ओढ."

मधल्या पाटीवरचे आठ चौकोन आखेपर्यंत दोघी घामाघूम झाल्या. फक्कीचं डबडं पुढे करत साक्षी म्हणाली, "हात लागला नव्हता बहुतेक. ती निसटत होती, म्हणून मी घाई केली."

"मीपण वेणी ओढायला नको होती."

बाईंनी ऐकलं, पण शाबासकी द्यायलाही त्या उठल्या नाहीत. त्यांचं हे न उठणं मला फार मोलाचं वाटतं. ती कबुली त्या दोघींची होती, मोठ्यांना दाखवण्यासाठी केलेली नव्हती.

घंटा झाली. दोन्ही तटांतली पोरं ओरडत मैदानात घुसली, तशा दोघी हात पसरून आडव्या आल्या आणि एकदमच किंचाळल्या, "ए, रेघेवर पाय देऊ नका!"