पाहुण्याचा पाहण्याचा हक्क

आंतरराष्ट्रीय परिषदेच्या नोंदणी अर्जात शेवटी बहुधा एक रकाना असतो: ऐच्छिक सहली. परिषदेच्या आधी किंवा नंतर एक-दोन दिवसांचे स्थळदर्शन, परिषद चालू असताना सोबत आलेल्या जोडीदारांसाठी अर्ध्या दिवसाची शहरफेरी, आणि व्यवसायाच्या दृष्टीने काही पाहू इच्छिणाऱ्यांसाठी कारखाना, बंदर किंवा बाजारपेठेची भेट, असे या सहलींचे साधारण स्वरूप असते. परिषद मुंबईत असेल तर यादीत घारापुरीची लेणी, धोबीघाट, डबेवाले आणि धारावीतले उद्योग येतात. हाताशी दिवस जास्त असतील तर वेरूळ-अजिंठा. शुल्क वेगळे असते आणि रकान्यात खूण करायची की नाही हे प्रतिनिधीच्या मर्जीवर असते.

पाहणाऱ्याला अशी मर्जी असते. जे पाहिले जाणार त्यांना ती असते का? दगडात कोरलेल्या लेण्यापुरता हा प्रश्न सौम्य आहे. पण घाटावर कपडे आपटणारा धोबी, गाभाऱ्यासमोर डोळे मिटून उभी असलेली बाई, भंगारातून प्लॅस्टिक निवडणारा मजूर यांच्यापुढे परदेशी पाहुण्यांचा घोळका येऊन थांबतो तेव्हा तो धारदार होतो. दुसऱ्याचे जगणे आणि दुसऱ्याची उपासना नुसती पाहण्याचा हक्क परक्या माणसाला कुठून मिळतो आणि त्या हक्काबरोबर कोणते ऋण येते, याचा विचार धर्म आणि तत्त्वज्ञान या दोघांनीही केला आहे, जरी त्यांच्यासमोर परिषदा नव्हत्या.

किंबहुना प्रतिनिधी म्हणून जाऊन पाहणे ही प्रथाच प्राचीन आहे. ग्रीक नगरराज्ये ऑलिंपिया आणि डेल्फी येथील उत्सवांना आपली अधिकृत माणसे पाठवीत. यज्ञ, खेळ, मिरवणुका यांना हजर राहायचे आणि परत येऊन नगराला वृत्तान्त सांगायचा, हे त्यांचे काम. प्लेटोने ‘लॉज’ या ग्रंथाच्या बाराव्या भागात या प्रवाशांसाठी कडक नियम सुचवले आहेत. परदेशातील चालीरीती पाहायला जाणारा माणूस पन्नाशी ओलांडलेला आणि नावलौकिकाचा असावा. परतल्यावर त्याने पहाटे भरणाऱ्या मंडळापुढे हजर होऊन काय पाहिले ते सांगावे. तो बिघडून आला असेल तर त्याने खासगी आयुष्य जगावे, कोणाला शिकवायला जाऊ नये. बाहेरून येणाऱ्यांचेही प्लेटोने चार वर्ग केले. व्यापारासाठी येणारे, त्यांची व्यवस्था शहराबाहेरच्या बाजारात व बंदरात; उत्सव डोळ्यांनी पाहायला आणि कानांनी ऐकायला येणारे, त्यांची सोय देवळांजवळ पुजाऱ्यांकडे; राजदूत; आणि चौथा विरळा पाहुणा, जो एखादी उत्तम गोष्ट शोधायला येतो आणि ज्याच्यासाठी सुज्ञांची दारे बोलावण्याशिवाय उघडी असावीत. स्थळदर्शन आणि व्यवसाय-भेट ही आजची विभागणी प्लेटोच्या पहिल्या दोन वर्गांशी सरळ जुळते. मात्र त्याची सारी काळजी नगराची आहे: परक्यांच्या संसर्गाने आपले नियम ढासळू नयेत. पाहिल्या जाणाऱ्या माणसाचे काय होते, हे त्याने विचारले नाही.

भारतात या प्रकारचे सर्वांत ठसठशीत उदाहरण चिनी बौद्ध यात्रेकरू ह्युएन त्संगचे आहे. इ.स. ६४३ च्या सुमारास सम्राट हर्षवर्धनाने कनौजला धर्मसभा भरवली. अनेक मांडलिक राजे, हजारो भिक्खू, ब्राह्मण आणि जैन साधू तिथे जमले आणि चिनी पाहुण्याला मुख्य वक्त्याचा मान मिळाला. सभा संपल्यावर हर्षाने त्याला प्रयागला नेले. दर पाच वर्षांनी तिथे भरणाऱ्या दानमेळ्याचा तो साक्षी झाला, तोही अडीच महिने. राजाने कोषातले सगळे वाटले, अंगावरचे दागिने आणि वस्त्रेही दिली, आणि शेवटी बहीण राज्यश्रीकडून एक जुने वस्त्र मागून घेऊन नेसले, असे वर्णन ह्युएन त्संगच्या चरित्रात येते. परिषदेनंतरची ही सहल आजच्या सहलींपेक्षा दोन बाबतींत वेगळी होती. यजमानाने वैभव दाखवण्याऐवजी स्वतःला रिते होताना दाखवले. आणि पाहुणा नालंदेत वर्षानुवर्षे शिकलेला, संस्कृतात वाद करणारा, ज्यांना पाहत होता त्यांच्या प्रश्नांना उत्तर देणारा होता. चालुक्य राजा पुलकेशीच्या महाराष्ट्रावरही त्याने लिहिले. त्यात वर्णिलेला पर्वतातील विहार म्हणजे अजिंठा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पाहणाऱ्याने परत जाऊन सांगितलेले इतक्या काळाने यजमानाच्याच वंशजांना उपयोगी पडावे, हे पाहण्याचे ऋण फेडण्याचे फार मोठे उदाहरण आहे.

याच्या उलट टोकाला १८९३ चे शिकागो आहे. जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ११ ते २७ सप्टेंबर या काळात तिथे सर्वधर्मपरिषद भरली. स्वामी विवेकानंद, सिंहलचे धर्मपाल, जैनांचे वीरचंद गांधी आणि मुंबईचे बी. बी. नगरकर असे आशियातील प्रतिनिधी सभागृहात आपापल्या धर्माविषयी बोलले. त्याच वेळी प्रदर्शनाच्या ‘मिडवे’ या सुमारे मैलभर लांबीच्या पट्ट्यात जावा, दाहोमी, कैरो अशा ठिकाणांची ‘गावे’ उभी केलेली होती आणि त्यांत आणलेली जिवंत माणसे लोक तिकीट काढून पाहत होते. एका शहरात, एकाच आयोजनाखाली, दोन प्रकारचे पाहणे चालले होते. सभागृहात जो पाहिला जात होता तो बोलत होता, खोडून काढत होता, प्रश्न उलटवत होता. मिडवेवर जो पाहिला जात होता त्याचे म्हणणे कोणी विचारत नव्हते. दोन्हीकडे परकीय वेश आणि परकीय आचार होतेच. नैतिक फरक पडला तो पाहिल्या जाणाऱ्याला आवाज असण्यानसण्याने.

हा फरक सांख्यदर्शनाच्या भाषेत नेमका मांडता येतो. सांख्यांच्या मते पुरुष हा द्रष्टा, साक्षी आणि उदासीन. प्रकृती ही दृश्य. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत प्रकृतीला रंगभूमीवरच्या नर्तकीची उपमा दिली आहे: प्रेक्षकाने पाहिले की तिचे काम झाले आणि ती निवृत्त होते. पर्यटकाची भूमिका वरवर पाहता अशीच असते. तो हात लावत नाही, बदलत नाही, फक्त पाहतो, आणि म्हणून आपण निरुपद्रवी आहोत असे त्याला वाटते. पण सांख्य पुरुष एकच मानत नाही. प्रत्येक देहाबरोबर वेगळा द्रष्टा आहे असा त्या दर्शनाचा आग्रह आहे. म्हणजे घाटावरचा धोबीही साक्षी आहे, तोही पाहतो आहे. त्याला केवळ दृश्य समजणे ही सांख्याच्या दृष्टीनेही ज्ञानातली चूक ठरेल: पुरुषाला प्रकृती समजण्याची. उदासीन साक्षित्वाचा हवाला देऊन माणसांकडे पाहण्याचे समर्थन करता येत नाही.

भक्तिपरंपरेत तर पाहणे कधीच एकतर्फी नव्हते. भक्त देवाला पाहतो आणि देव भक्ताला पाहतो, म्हणून दर्शनाला मोल. वेरूळच्या सहलीत एकतर्फी आणि दुतर्फी असे पाहण्याचे दोन्ही प्रकार प्रतिनिधीच्या समोर एका दिवसात येतात. चौतीस लेण्यांपैकी सोळावे कैलास लेणे आठव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळाशी जोडले जाणारे; आज ते पुरातत्त्व विभागाचे संरक्षित स्मारक आहे, तिकीट काढून कोणीही आत जाऊ शकतो. तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर घृष्णेश्वराचे देऊळ आहे. ते ज्योतिर्लिंग, पूजा चालू असलेले. तिथे गाभाऱ्यात जाणाऱ्या पुरुषाला सदरा, बनियन काढून उघड्या अंगाने जावे लागते. कैलासात प्रतिनिधी फक्त पाहणारा असतो. घृष्णेश्वरात त्याला नियम पाळावा लागतो, रांगेत उभे राहावे लागते, अंगावरचा अधिकाराचा वेश उतरवावा लागतो आणि रांगेतले लोक त्यालाही पाहतात. दोन्ही ठिकाणी शिवच आहे. पण पाहण्याची अट बदलली की पाहणारा बदलतो. एक गोष्ट येथे विसरता येत नाही. देवाला पाहण्याचा हक्क या भूमीतल्याच, अस्पृश्य ठरवलेल्या लाखोंना नाकारला गेला होता. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि दारे उघडण्यासाठी तो काही वर्षे चालला. दूरच्या पाहुण्याला सहज मिळणारी वाट घरच्या माणसाला झगडून मिळवावी लागली, हे यजमान समाजाने सहलीच्या माहितीपत्रकातून गाळू नये.

पाश्चात्त्य विचारात या हक्काची सर्वांत स्पष्ट मांडणी जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९५ च्या ‘चिरंतन शांती’ या निबंधात केली. पृथ्वीचा पृष्ठभाग गोल आणि मर्यादित आहे. माणसे एकमेकांपासून अनंत अंतरावर पांगू शकत नाहीत. म्हणून कोणत्याही भूमीवर येण्याचा, स्वतःची ओळख करून देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण हा हक्क फक्त भेटीचा. पाहुणा म्हणून वागवले जाण्यासाठी वेगळा करार लागतो. भेटीला गेलेल्या युरोपियनांनी भेट आणि विजय यांत फरक ठेवला नाही, म्हणून चीन आणि जपानने त्यांना मर्यादा घातल्या ते शहाणपणाचेच, असेही कांट म्हणतो. घारापुरीचा इतिहास या म्हणण्याला दुजोरा देतो. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले, तो १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलण्याचा प्रयत्न झाला आणि त्यात तो फुटला. जोडलेला हत्ती आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

कांटचा करार ऐच्छिक सहलीत असतो, पण तो कोणाशी? प्रतिनिधी पैसे देतो आयोजकाला. आयोजक वाहतूकदाराला, गाइडला, तिकीटखिडकीला. ज्यांचे जगणे पाहायचे ते या करारात पक्षकार नसतात. घारापुरीला १९८७ पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे, सकाळी गेटवेवरून लाँच भरभरून जातात आणि संध्याकाळी रिकाम्या होतात. पण बेटावरच्या राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या वाड्यांना समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती २०१८ मध्ये. इतकी वर्षे पाहुण्यांना अंधार दिसला नाही, कारण अंधार पडायच्या आत ते परतलेले असत.

न दिसण्याची दुसरी तऱ्हा जाणूनबुजून केलेली असते. अश्वघोषाच्या बुद्धचरितात शुद्धोदन राजा राजपुत्र सिद्धार्थाच्या सहलीआधी रस्ते सजवतो आणि वृद्ध, रोगी, अपंग यांना वाटेतून दूर करायला सांगतो. देव मात्र वृद्ध माणूस निर्माण करून राजपुत्रासमोर उभा करतात. सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या वेळी दिल्लीत काही वस्त्यांसमोर हिरवी कापडे लावली गेली. तैत्तिरीय उपनिषद अतिथीला देव मानायला सांगते, पण त्याच उपदेशात, उपनिषदाच्या शिक्षावल्ली या भागात, सत्य बोलण्याचा आदेश त्याआधी येतो. पाहुण्याचा आदर करायचा म्हणून त्याला असत्य दाखवणे हे त्या उपदेशाला धरून नाही. आडोसा लावल्याने वस्तीतल्या माणसाची अब्रूही राखली जात नाही. तो आहे हेच नाकारले जाते.

मग पाहू द्यायचे, पण कसे? याचे एक उत्तर पंढरपुरात आहे. आषाढीच्या गर्दीत सगळ्यांना दर्शन मिळावे म्हणून विठ्ठलाचा पलंग काढतात आणि देव रात्रंदिवस उभा राहतो. वारी सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाचा शिणवटा जावा म्हणून त्याला स्नान घालतात, रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवतात, पलंग परत येतो. पाहिले जाण्यात शीण आहे आणि तो उतरवणे हे पाहणाऱ्यांवरचे ऋण आहे, हे या आचारात गृहीत आहे. देवालाही जर पाहिले जाण्याचा शीण होतो, तर आठ तास राबणाऱ्या माणसाला तो होत नाही असे मानायला आधार नाही.

व्यवसाय-भेटींत ही जाण सर्वांत कमी ठेवली जाते, कारण तिथे पाहण्याला अभ्यासाचे नाव असते. मुंबईचे डबेवाले हे त्याचे नेहमीचे ठिकाण: १८९० मध्ये महादू हवाजी बच्चे यांनी सुरू केलेली, मावळ-मुळशी-जुन्नरकडच्या माणसांनी चालवलेली, डब्यावरच्या अक्षरांच्या आणि रंगांच्या खुणांवर चालणारी ही व्यवस्था व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना दाखवली जाते. पण डबा साडेबारा-एकला टेबलावर पोचलाच पाहिजे. २००३ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स चर्चगेटबाहेर त्यांना भेटायला आले तेव्हा ती भेट डबेवाल्यांच्या वेळेत बसवावी लागली. पाहुण्यासाठी कोणाचे जेवण उशिरा गेले नाही. वेळ त्यांची, अट त्यांची, आणि पाहुण्याने ती मानली.

धारावीत, जिथे कुंभारवाड्यात भट्टीचा धूर असतो आणि पलीकडच्या गल्ल्यांत प्लॅस्टिक दळून त्याचे दाणे होतात, तिथे काही सहलींनी आत जाताना फोटो न काढण्याचा नियम केला आहे. तो उपयोगी आहे, पण पुरेसा नाही. कॅमेरा खिशात ठेवला तरी वीस माणसे दारातून आत डोकावतातच. परिषदेच्या आयोजकांना याहून जास्त करणे शक्य आहे. गट लहान ठेवावा. जायच्या आधी त्या गल्लीतल्या कारखानदारांशी आणि कामगारांशी बोलून दिवस व वेळ ठरवावी. मजुरी बुडत असेल तर ती शुल्कातून भरून द्यावी. भेटीतला काही वेळ त्यांनी प्रतिनिधींना प्रश्न विचारण्यासाठी ठेवावा, दुभाष्यासह. परतल्यावर लिहिलेला अहवाल ज्यांच्याविषयी आहे त्यांच्या हाती त्यांच्या भाषेत पडावा. आणि एखाद्या गल्लीने नको म्हटले, तर त्या वर्षीच्या नोंदणी अर्जात ती सहल छापू नये.