मौनास कात्री लावावी काय?

हवें तेव्हां ऐकतां येणाऱ्या ध्वनिमुद्रित संभाषणांस २००४ पासून 'पॉडकास्ट' हें नांव पडलें. १९८२ च्या जानेवारींत सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणीसंपाविषयीं असाच एक भाग गेल्या वर्षीं आम्हीं तयार केला. प्रश्न आधीं लिहून काढले, सनावळी पडताळली, पंखा बंद करून एका वृद्ध गिरणीकामगारांशीं दीड तास बोललों, आणि तें सारें अर्ध्या तासांत बसविण्यासाठीं संकलनास लागलों. 'संपांत उतरल्याचा पश्चात्ताप होतो काय?' या प्रश्नावर ते गृहस्थ बराच वेळ स्तब्ध राहिले होते. मग म्हणाले, 'नाहीं.' आम्हीं ती स्तब्धता कापून टाकली. प्रसिद्धीपूर्वीं भाग ऐकविला तेव्हां ते शांतपणें म्हणाले, 'शब्द माझाच आहे. पण तो इतक्या लवकर आला नव्हता.'

तेव्हांपासून एक प्रश्न आम्हांस सोडीत नाहीं. दुसऱ्याच्या बोलण्यावर कात्री चालविण्याचा संकलकास अधिकार किती?

कांहींच न कापतां चालत नाहीं, हें उघड आहे. खोकला, रस्त्यावरील भोंगा, तीनदां सांगितलेली तीच हकीकत, हीं काढल्यानें वक्त्याचें कांहीं हरपत नाहीं. उलट त्याचें म्हणणें स्पष्ट होतें. लेखकही आपला मजकूर खोडतोच. परंतु लेखक स्वतःचे शब्द खोडतो, संकलक दुसऱ्याचे. शिवाय छापील मजकुरांत गाळलेली जागा टिंबांनीं दाखवितां येते. ध्वनींतील सांधा श्रोत्यास ऐकूंच येत नाहीं. माणूस जसा बोलला तसाच आपण ऐकतों आहों, असें तो समजतो. या विश्वासामुळेंच संकलकाची जबाबदारी वाढते.

अमेरिकेंतील 'धिस अमेरिकन लाइफ' या कार्यक्रमाची गोष्ट येथें बोधप्रद आहे. जानेवारी २०१२ मध्यें त्यानें, शेन्झेन येथील ॲपलच्या वस्तू बनविणाऱ्या कारखान्याविषयीं माइक डेझी या रंगभूमीवरील कथकाचें कथन प्रसृत केलें. पडताळणीसाठीं निर्मात्यांनीं त्याच्या दुभाषी बाईंचा पत्ता विचारला. त्यांचा दूरध्वनी आतां लागत नाहीं, असें त्यानें सांगितलें, आणि निर्मात्यांनीं तेवढ्यावर समाधान मानलें. पुढें दुसऱ्या एका वार्ताहरानें त्या बाईंस शोधून काढलें, आणि कथनांतील अनेक प्रसंग खोटे ठरले. मार्चमध्यें कार्यक्रमानें तो भाग मागें घेतला व एक संपूर्ण भाग त्या चुकीच्या कबुलीस दिला. त्यांत निवेदक आयरा ग्लास यांच्या प्रश्नांपुढें डेझीचीं दीर्घ मौनें तशींच ठेविलीं आहेत. तीं कापलीं असतीं तरी उत्तरें राहिलींच असतीं. पण उत्तर देणाऱ्याचें अवघडलेपण श्रोत्यांस कळलें नसतें.

एकाच्या मौनांत अवघडलेपण होतें, दुसऱ्याच्या मौनांत कदाचित् आयुष्याचा हिशेब असेल. त्याचा अर्थ लावणें हें श्रोत्याचें काम आहे. तें त्याच्या हातून काढून घेण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. वेळ कमी पडला तर निवेदकानें आपलें पांडित्य कापावें, पाहुण्याचा विचार नव्हे.

आम्हीं आमची प्रस्तावना तोकडी केली आणि ती स्तब्धता होती तेथें परत बसविली. ऐकतांना एखादा विचारील, येथें यंत्र बिघडलें काय? विचारो बापडा. तेवढा वेळ तोही थांबला, हें काय थोडें झालें?