आवाज कुणाचा?

भाच्याचा अमेरिकेहून फोन आला, "मामा, ट्रक घेतला!" आणि आमच्या घरात दोन मिनिटं शांतता पसरली. मुलगा इथून इंजिनिअर होऊन गेला, तिथं एम.एस. झाला आणि शेवटी ट्रकवर लागला! "क्लीनर ठेवलाय की एकटाच असतो?" हिनं हळूच विचारलं. फोटो आला तेव्हा उलगडा झाला. पुढे चार-पाच माणसं बसतात आणि मागे उघडा हौदा असतो, अशा गाडीला ते लोक ट्रक म्हणतात. हौद्यात माल असलाच पाहिजे असं नाही. पुढे आम्ही दोन महिने त्याच्याकडे ओहायोत राहिलो. तेवढ्या काळात त्या हौद्यातून तुळशीची एक कुंडी काय ती प्रवास करून आली.

दुसऱ्या फोनात तो म्हणाला, "मफलर बदलायचाय." हिनं त्याच संध्याकाळी लोकर आणली. मफलर म्हणजे आपला सायलेन्सर, हे आम्हांला तिथं पोचल्यावर कळलं. तोवर अडीच हात विणून झाला होता.

तर प्रश्न असा होता. भाच्याच्या ट्रकचे आवाज दोन. एक मागचा, धुराच्या नळीचा. तो फार हळू येतो ही त्याची तक्रार. दुसरा पुढचा, पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचा. चाक वळवलं की बॉनेटखालून कुणीतरी कण्हल्यासारखा येई. तो फार मोठा येतो ही दुसरी तक्रार. एक आवाज वाढवायचा होता, दुसरा बंद करायचा होता.

"अरे, आवाज तो आवाज," मी म्हटलं.

"नाही मामा. हा मला हवाय, तो नकोय."

पोरगं सहज बोलून गेलं, पण आवाज आणि गोंगाट यांतला फरक याहून नेमका मी ऐकलेला नाही. आपल्या घरच्या लग्नाचा बँड म्हणजे संगीत, शेजारच्या लग्नाचा म्हणजे उच्छाद. आपण बोलतो ते मत, आणि दुसरा बोलतो ती कटकट.

कंपनीच्या मफलरच्या पोटात भोकं पाडलेल्या नळ्या आणि लहान लहान खोल्या असतात. इंजिनाचा आवाज त्या खोल्यांत आपटून उलटा फिरतो, मागून येणाऱ्या आवाजाला भिडतो आणि दोघंही बरेचसे गप्प होतात. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत असं कधी घडत नाही. भाच्यानं हजारावर डॉलर मोजून त्या जागी सरळ आरपार जाणारी रुंद नळी बसवली. "दहा घोडे वाढतील," म्हणाला. घोडे मला दिसले नाहीत, खिंकाळणं मात्र ऐकू आलं. समोरच्या घरातला कुत्रा पलंगाखाली गेला तो जेवायलाच बाहेर आला.

मग त्यानं चाक डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "मामा, पंपाचा आवाजपण गेला!"

"गेला नाही रे, ऐकू येईनासा झाला."

"एकच की!"

इथं मी अडलो, कारण आमच्या ऑफिसातही ते एकच मानलं जाई. तक्रारपेटीची किल्ली एकदा हरवली, त्या वर्षी तक्रारी शून्य भरल्या आणि साहेबांचं कौतुक झालं.

या बाबतीत मॅक्झिम घराण्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. बापानं, हायरम मॅक्झिम यांनी, मशीनगन केली. तिचा धडधडाट वर्षानुवर्षं ऐकून त्यांचे कान गेले. मुलानं, हायरम पर्सी मॅक्झिम यानं, बंदुकीचा सायलेन्सर काढला. त्याचं पेटंट १९०९ सालचं. पुढे त्यानं इंजिनांच्या आवाजालाही त्याच वाटेनं लगाम घातला. मुलगा गुणीच म्हणायचा. पण बंदुकीचा आवाज गेला म्हणून गोळी काही मऊ लागत नाही.

पंपाचं कण्हणं काय होतं? फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअरनं १९२६ साली गाडीत पॉवर स्टिअरिंग बसवून दाखवलं, १९५१ साली क्रायस्लरनं ते विक्रीच्या गाडीत आणलं, आणि जड गाडी एका हातानं वळू लागली. आता कित्येक नव्या गाड्यांत ते काम विजेवर चालतं. भाच्याची गाडी जुन्या वळणाची. तिच्यात हे सगळं बळ तेलाचं. पंप ते तेल दाबून पुढे ढकलतो. तेल कमी झालं किंवा नळीच्या सांध्यातून हवा शिरली की तेलात बुडबुडे होतात आणि पंप कण्हू लागतो. तो गोंगाट नव्हे, निरोप असतो. निरोप्या ओरडतो म्हणून आपण त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायचं, हा काही उपाय नव्हे.

हे सगळं मी भाच्याला मोठ्या तत्त्वज्ञाच्या थाटात ऐकवत होतो. मागच्या सीटवरून ही म्हणाली, "तुमच्यासारखंच झालं की!"

"म्हणजे?"

"मी गुडघा म्हटलं की तुम्ही विनोद करता. चार माणसं हसतात. मग मीपण हसते."

भाचा मोठ्यानं हसला. मी नळीकडे बघू लागलो.

रविवारी आम्ही बॉनेट उघडलं. डबीतलं तेल ताकासारखं फेसाळलेलं. पंपाकडे तेल नेणाऱ्या नळीच्या सांध्यातली रबरी कडी कडक होऊन चिरली होती. ती किरकोळ पैशांत मिळाली. ती बदलली, तेल भरलं, पुढची चाकं जॅकवर उचलून खाली भक्कम घोड्या लावल्या. आता इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं, म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येते. घाई चालत नाही. घाईनं पुन्हा फेस होतो. या कामाला ही बसली. आयुष्यात गाडी न चालवलेली बाई शांतपणे चाक फिरवत होती, मी डबीत डोकावून "आला, आला" असं सांगत होतो. वीसेक फेऱ्यांनी बुडबुडे थांबले. भाच्यानं इंजिन सुरू केलं. नव्या नळीची गर्जना होतीच, पण बॉनेटवर कान ठेवला तेव्हा आतून कुणी कण्हत नव्हतं.

ही खाली उतरायला लागली. उंच ट्रक तो. दाराला धरून एक पाय खाली टेकवताना तिनं ओठ दाबले. मी इतकी वर्षं ते बघितलं नसेल असं नाही.

"कुठला गुडघा?" मी विचारलं.

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. विनोद कधी येतो याची वाट बघत असावी. मग म्हणाली, "दोन्ही. चौदा वर्षं झाली."

चौदा वर्षांत रामचंद्रही वनवास संपवून घरी आले होते, हे वाक्य माझ्या ओठांवर अगदी तयार होतं. ते मी गिळलं आणि हात पुढे केला.