नाइलाज

वाशीच्या एपीएमसी मार्केटात, मसाला बाजारातील एका गाळ्यावर, मी पुष्कळ वर्षे माल पारखीत आलो आहे. गोणीत टोकदार नळी खुपसावी, तळहातावर नमुना घ्यावा, हुंगावा, दोन दाणे जिभेवर ठेवावेत आणि भाव बोलावा, एवढाच माझा धंदा. तत्त्वचिंतन हा काही आमच्या बाजारातला जिन्नस नव्हे. परंतु तीन वर्षांपूर्वी माझ्या घशात डाव्या बाजूस कर्करोग निघाला आणि एक फार जुना प्रश्न अक्षरशः गळ्याशी आला. दुष्टाचे निर्दालन करताना त्याच्या शेजारच्या निरपराधाची किती हानी क्षम्य समजावी?

उपचार किरणांचा ठरला. सत्तर ग्रे मात्रा द्यायची. रोज दोन, अशा पस्तीस खेपा. ‘ग्रे’ हे माप मला अपरिचित नव्हते. वाशीतच २००० सालापासून मसाल्यांवर विकिरण करणारे सरकारी केंद्र आहे. तिथे कोबाल्ट-६० च्या किरणांनी मिरीतले, हळदीतले जंतू मारतात आणि त्याला सहा ते चौदा हजार ग्रे लागतात. मी म्हटले, “मग माझे सत्तर म्हणजे किस झाड की पत्ती!” डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, “तुमच्या गोणीत जिवंत ठेवावे असे काही नसते.”

मागाहून विचार करता ते वाक्य मला फार मोठे वाटले. गोणीला सरसकट न्हाऊ घालता येते. माणसाच्या सर्वांगाला पाच-सहा ग्रे एकदम लागले तरी तो वाचणे कठीण. कांद्याला कोंब फुटू नये म्हणून शंभराच्या आतली मात्रा पुरते, कारण जिथे पेशी झपाट्याने वाढतात तिथे घाव आधी बसतो. कर्करोगावर किरण चालतात ते बरेचसे याच न्यायाने. रोज थोडे थोडे देण्यामागेही हाच हिशेब आहे. निरोगी पेशी मधल्या वेळात आपली डागडुजी करून घेतात. रोगट पेशींना ते तितकेसे साधत नाही.

आता कानांपुढे दोन्ही अंगांना लाळेच्या ग्रंथी असतात. त्यांचा अपराध एवढाच की त्या रोगाच्या शेजारी राहतात. सरासरी सव्वीस ग्रेच्या आत राहिल्या तर लाळ बऱ्याच अंशी परत येते. त्यापलीकडे गेल्या की तोंड कोरडे पडण्याची धास्ती. लाळेवाचून चव नाही, आणि चवीवाचून मला बाजारात कोण विचारतो? डॉक्टर म्हणाले, “उजवी वाचवू. डावी वाचवायला गेलो तर रोगाची कड सुटेल. नाइलाज आहे.”

हा शब्द माझा स्वतःचा होता. एका पावसाळ्यात संध्याकाळी एका लहान व्यापाऱ्याची चाळीस गोण्या लाल मिरची आली. तीन गोण्यांना ओलाव्याचा कुबट वास होता. अंधारून आले होते, माथाडी घरी निघाले होते, उरलेल्या सदतीस उघडून पाहायच्या म्हणजे दोन तासांची निश्चिती. मी म्हणालो, “सगळा माल परत. नाइलाज आहे.” तो काही बोलला नाही.

डॉक्टरांचा नाइलाज आणि माझा नाइलाज एकच होता काय? त्यांनी माझ्या गळ्याच्या एकेका छेदाच्या चित्रावर रोगाभोवती रेघ ओढली होती, तशीच प्रत्येक ग्रंथीभोवती, मज्जारज्जूभोवती, जबड्याभोवतीही ओढली होती. सगळे उघडून पाहिल्यानंतर तो शब्द त्यांच्या तोंडी आला. माझ्या तोंडी तो उघडण्यापूर्वीच आला होता.

टाटा मेमोरियल सेंटरने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या तीनशे स्त्रियांवर केलेली एक चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. काहींना आधीच्या पद्धतीने किरण दिले. काहींना रोज चित्र घेऊन, किरणांची तीव्रता जागोजाग कमीजास्त करून, आतडी शक्य तितकी वगळून दिले. तीन वर्षांत आतड्यांचा लक्षणीय त्रास पहिल्या गटात शेकडा बेचाळीस जणींना झाला, दुसऱ्यात एकवीस जणींना. रोग उलटण्यात मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे आपण ज्याला अटळ म्हणत होतो त्यातले निम्मे अटळ नव्हतेच.

अर्थात दयेलाही मर्यादा आहे. निरपराधाच्या कळवळ्याने रेघ आत घेत गेले की रोगाची एखादी कड बाहेर राहते आणि मग सगळाच देह जातो. शिवाय एकेका रुग्णासाठी तासन् तास रेघा ओढायला तज्ज्ञ लागतात, यंत्रे लागतात. आणि बाहेरच्या बाकांवर गर्दी काय असते ते मी सात आठवडे पाहिले आहे. त्या गर्दीसमोर कोणी घाईने ‘नाइलाज’ म्हटले तर त्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. असो.

माझी डावी ग्रंथी गेली. उजवीच्या बळावर मिरी अजून कळते. वेलचीत कधी चूक होते, तेव्हा गाळ्यावरच्या पोराला चाखायला सांगतो. पाण्याची बाटली सदैव जवळ असते. त्या मिरचीवाल्याने पुन्हा आमच्या गाळ्यावर माल उतरवला नाही. त्या सदतीस गोण्या त्याने कुठे आणि काय भावाने विकल्या, ते विचारण्याचा मला आजवर धीर झालेला नाही.